हात थबकतो ती जागा

अकरावीच्या वर्गाला दरवर्षी मी एक लेख लिहायला देते, जो परीक्षेत येत नाही. बारावीच्या उपयोजित मराठीत मुलाखत आहे, माहितीपत्रक आहे, अहवाल आहे, वृत्तलेख आहे. 'अमुक गोष्ट कशी करतात ते सांगा' असा लेख मात्र कुठेच नाही. मार्कांचा प्रश्न नाही म्हटल्यावर पोरं मोकळी लिहितील, ही माझी अटकळ. प्रत्यक्षात विषय सांगा म्हटलं की फळ्यावर येतं ते असं: अभ्यास कसा करावा, वेळेचे नियोजन कसे करावे, व्यक्तिमत्त्व विकास कसा साधावा. एकाने 'यशस्वी उद्योजक कसे व्हावे' दिलं होतं. त्याच्या घरी दोन बांध्या धान आणि एक म्हैस. उद्योजक त्याने पाहिला असेल तो आमच्या कुहीच्या बसस्टँडवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर.

या विषयांत करण्यासारखं काही नसतं, ही खरी अडचण. 'वेळेचे नियोजन करावे' हे वाक्य लिहून झालं, आता हातांनी काय करायचं? लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं, मग तो उपदेश सुरू करतो आणि दोन पानं भरतो. विषय जेवढा थोर तेवढा लेख पोकळ, हे मी इतक्या वह्या तपासून खात्रीने सांगू शकते. आमच्याच तालुक्यात, आंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला असं मानणारे पुष्कळ आहेत (आंबेजोगाईकर अर्थातच मानत नाहीत). ग्रंथाचा शक १११०. थेट ब्रह्म हाच विषय घेऊन माणूस पार पडला. पण तो मुकुंदराज होता, आणि त्याला तासिका पंचेचाळीस मिनिटांची नव्हती.

म्हणून मी फळा पुसते आणि विचारते, काल घरी कोणी काय केलं?

"काही नाही मॅडम. मिरच्या खुडल्या."

कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यात वाळल्या मिरचीचे देठ खुडायचं काम बायकांच्या हाती. शेजारच्या भिवापुरी मिरचीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मी म्हटलं, यावरच लिही. मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. "यात काय लिवाचं? हे तं सगळ्यायलेच येते." मला येत नाही, मी म्हटलं. मिरची पुरती वाळली हे कसं ओळखायचं सांग. तिने मूठभर मिरच्या कानाजवळ खुळखुळवल्याचा अभिनय केला. आत बी वाजलं पाहिजे. वाजत नसेल तर ओल आहे, पोत्यात बुरशी धरेल. आणि फार वाळली तर? तर देठ खुडताना मिरचीच मोडते, बी सांडतं, भाव पडतो. मग नेमकी केव्हा उचलायची? इथे ती थांबली. "ते मायले इचारा लागन."

तो थांबण्याचा क्षण आला की विषय सापडला असं मी समजते. 'मिरचीची लागवड' हा विषय कृषी विद्यापीठाने घ्यावा. तिचा विषय 'वाळलेली मिरची केव्हा उचलावी' एवढाच. सवयीने चालणारा हात ज्या जागी थबकतो, डोळा-कान लावून काहीतरी ठरवतो आणि मग पुढे जातो, ती जागा ज्या कामात आहे त्यावर लिहावं. अलीकडचं-पलीकडचं चार ओळींत उरकलं तरी चालतं. ती जागाच नसेल तर लेख म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना.

मराठीत असं लिहिण्याची परंपरा नाही असं नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. चांगलं काव्य कसं करावं हे तिथे सांगितलेलं नाही. अक्षर कसं काढावं, ओळ कशी धरावी, कागद, शाई, लेखण्या, चाकू काय काय जवळ ठेवावं, हे सांगितलं आहे. पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडा, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही, हे त्यातलं मला सगळ्यात आवडतं. वहीत समास सोडायला तर शाळेतही सांगतात, कारण सांगत नाहीत. समर्थांनी पोथ्यांच्या कडा झडलेल्या पाहिल्या असणार.

पुढच्या काळात नागपुरात धरमपेठेतून वि. ना. वाडेगावकरांचं 'उद्यम' मासिक निघे. घरगुती धंदे, शेती-बागायत, आरोग्य, सगळं करून पाहणाऱ्याच्या सोयीने दिलेलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापांनी ती घराघरांत गेली. साहित्य निवडायच्या आधी वाचणारीच्या स्वयंपाकघरात कोणतं माप आहे, हे त्यांनी पाहिलं होतं.

एका वर्षी पुनर्वसित गावातल्या एका मुलाने विषय दिला, 'घर कसं मोडावं'. वर्ग हसला. तो हसला नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा त्याचे वडील शाळेत होते. पाणी चढायला आणि गावं उठायला पुढे कितीतरी वर्षं लागली. त्याच्या पहिल्या खर्ड्यात धरण होतं, सरकार होतं, मोबदला होता, पूर्वजांची भूमी होती. मी म्हटलं, हे सगळं खरं आहे, पण ते तू वर्तमानपत्रातून उचललं आहेस. आजोबांनी पहिल्यांदा हात कशाला लावला?

कवेलूंना. वरून खाली, कारण वरच्या ओळीचं कवेलू खालच्यावर टेकलेलं असतं. उतरवलेली कवेलू उभी रचायची. आडवी एकावर एक ठेवली की तळची तडकतात. मग वासे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात; आजोबांनी ते फिरू नयेत म्हणून प्रत्येकावर गेरूने आकडा घातला, डाव्या पाखीचे वेगळे, उजव्या पाखीचे वेगळे. गावातले वासे आरागिरणीतून एका मापाने आलेले नसतात. प्रत्येकाचा बाक निराळा, तो आपल्याच जागी नीट बसतो. आकडा खालच्या अंगाला, म्हणजे नव्या जागी लाकूड उघड्यावर पडलं तरी पावसाने पुसायला नको. चौकट सगळ्यात शेवटी, कारण वरच्या भिंतीचा भार तिच्यावर; ती आधी काढली तर भिंत अंगावर येते.

आणि आढं? आढ्याशी आजोबा सकाळभर बसून राहिले, एवढंच त्याने लिहिलं होतं. नवा प्लॉट आखून दिलेला, जुन्या घराएवढा लांब नाही. अख्खं आढं नेलं तर बसणार नाही. कापायचं तर कोणत्या टोकाकडून आणि किती, हे तिथे भिंती उभ्या राहिल्याशिवाय कसं सांगणार? शेवटी अख्खंच नेलं, ट्रॅक्टरच्या मागे हातभर बाहेर लोंबत. मोबदल्याचा परिच्छेद दुसऱ्या खर्ड्यात त्याने स्वतःच काढून टाकला. मला तो काढ असं सांगावं लागलं नाही.

सगळ्याच कामांवर लिहिता येतं असं मात्र नाही. मडक्यावरच्या लांब रोटीचा विषय दर दोन-तीन वर्षांनी येतो आणि मी तो परत करते. पातळ पीठ दोन्ही हातांवर खेळवत वाढवणं कोपरापासून मनगटापर्यंतच्या सवयीचं काम, ते वाक्यात बसत नाही. वाचून कोणी केलं तर रोटी चुलीत जाईल. पण 'पीठ झालं हे कसं ओळखावं' एवढं मागितलं तर जमतं. तिंबून तिंबून पीठ उचललं की ते न तुटता हातावरून लोंबलं पाहिजे. हे लिहिता येतं, वाचताही येतं.

वाचणारा कोण, हाही घोळ असतो. 'धान कसं रोवावं' हे कुहीत कोणी वाचणार नाही. पऱ्हे उपटणाऱ्या बाया हसतील. हा विषय देणाऱ्या मुलीला मी विचारलं, तुझ्या बाबांना माहीत असून ते करत नाहीत असं काय आहे? ती म्हणाली, मिठाचं पाणी. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात बियाणं टाकायचं, तरंगेल ते पोचट, तळाला बसेल ते दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. कृषी सहायक दर वर्षी सांगून जातात. मग अडतं कुठे? तरंगलेलं फेकायला बाबांचा हात होत नाही, ती म्हणाली, दाणाच तो. तिच्या लेखाला वाचक घरातच होता.

यंदाचा पहिला विषय मागच्या बाकावरून आला: ट्रॅक्टरची ट्रॉली मागे कशी घ्यावी. मी लगेच होकार दिला. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि ती वळायला लागली की पुन्हा डावीकडे आणून तिच्या मागे जायचं. हे 'लागली की' नेमकं केव्हा, यावर त्याने फळ्यावर आकृती काढली, मग पुसली, मग पुन्हा काढली. मागच्या बाकावरच्या दोघांनी त्याच्याशी वाद घातला. म्हणजे त्यांनाही येतं. सोळा वर्षांच्या पोरांना हे कुठून येतं आणि लायसन कोणाकोणाकडे आहे, हे मी विचारलं नाही.