चुलीपाशी उभे राहणारे

युरोपातील उंची मेजवान्यांत एकामागून एक पदार्थ ऊन ऊन आणून वाढण्याचा दस्तूर आज पुरातन वाटत असला, तरी तो रूढ झाला एकोणिसाव्या शतकात. तत्पूर्वी मोठ्यांच्या मेजांवर एकेका फेरीचे अनेक पदार्थ एकाच वेळी मांडून ठेवीत, आणि पोप पाचवा पायस याचा आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी याने १५७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विस्तीर्ण पाकग्रंथात ज्या मेजवान्यांचा तपशील नोंदला आहे, त्यांत थंड व उष्ण पदार्थांच्या अशाच भरगच्च फेऱ्या आलटून पालटून येतात. सर्व काही एकदम समोर मांडण्याची आपल्या पानाची रीत त्यांनाही एके काळी परकी नव्हती. आज मात्र इटालियन भोजनात आधी आन्तीपास्तो, मग पास्ता किंवा भात, मग मांस वा मासळी व तिच्या जोडीला भाजी, आणि अखेरीस गोड, असा क्रम असतो. आणि या क्रमात शिष्टाचाराइतकाच विस्तवाचाही अधिकार चालतो, कारण उकळत्या पाण्यातून काढलेल्या पास्त्याचा दाताखाली जाणवणारा कणखरपणा फार वेळ टिकत नाही, आणि रिसोत्तो तर कोणासाठीच थांबत नाही. त्याच्यासाठी जेवणाऱ्यानेच थांबावयाचे असते.

पुण्यात नुकत्याच उघडलेल्या एका उंची इटालियन उपाहारगृहात आम्ही सहकुटुंब गेलो, तेव्हा खाद्यपत्रिकेत रिसोत्तोच्या नावाखाली वीस मिनिटे लागतील अशी स्पष्ट सूचना होती, आणि भटारखाना व भोजनगृह यांच्यामध्ये केवळ काच असल्यामुळे ती वीस मिनिटे कशी खर्ची पडतात हे बसल्या जागी पाहता आले. आईसाठी वाइन वगळून, भाज्यांच्या सारात तो करून देण्याचे आचाऱ्याने आनंदाने मान्य केले होते. त्याने कार्नारोली जातीचे तांदूळ, न धुता, लोणी व बारीक चिरलेल्या कांद्यावर परतले. शेजारच्या शेगडीवर मंद उकळत ठेवलेले सार पळीपळीने घालीत, आधीचे आटल्याखेरीज पुढचे न घालता, तो सतत ढवळत राहिला, कारण दाण्याच्या अंगावरील पीठ त्या ढवळण्यानेच सुटते आणि सायीची मदत न घेता भाताला सायीसारखी दाट स्निग्धता येते. मग केशर, आणि पातेले विस्तवावरून उतरविल्यावर थंड लोणी व किसलेले पार्मेजान घालून असा जोरकस फेटा, की ताटलीत तो भात डिखळ होऊन न बसता संथपणे पसरावा. मिलान शहराचा हा पदार्थ त्याच्या पिवळ्या रंगामुळे आपल्या केशरीभाताचा सोयरा वाटतो, परंतु त्यात साखरेचा कण नसतो.

आई एवढा वेळ काचेपलीकडे पाहत होती. मुलांनी तिच्यापुढे पावाची टोपली सरकविली, तिकडे तिचे ध्यान नव्हते. ती एवढेच म्हणाली, "हा मुलगा जागचा हललेला नाही."

तिच्या या वाक्यामागे पन्नासएक वर्षांचा अनुभव उभा होता, हे मला तेथेच उमगले. आमच्या घरी वरणभात झाला की पोळी तव्यावरून थेट पानात पडावी, फुगलेली, तूप लावलेली, वाफ न मेलेली, असा शिरस्ता माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आलेला. पोळीही रिसोत्तोप्रमाणेच थांबत नाही, आणि ती थांबू नये म्हणून कोणाला तरी तव्यापाशी उभे राहावे लागते. आमच्याकडे ती आई होती, आता बव्हंशी पत्नी असते. मागला भात होऊन पंगत उठल्यावर तिने आपले पान घ्यावयाचे, तेव्हा आमटी निवलेली आणि कोशिंबिरीला पाणी सुटलेले. ज्या गृहिणीच्या हातच्या ऊन पोळीची आपण आयुष्यभर वाखाणणी करतो, तिला स्वतःला ती पोळी ऊन खाण्याचा प्रसंग सणासुदीसही क्वचितच येतो, ही गोष्ट मला अन्याय्य वाटते. प्रेमाने केलेले काम अशी तिची बोळवण करणे तर मला त्याहून अन्याय्य वाटते. इटलीतील घरे याला अपवाद आहेत असे मी म्हणत नाही. तेथेही चुलीपाशी बहुधा आई वा आजीच उभी असते.

उभे राहण्याची ही कथा भटारखान्याच्याही पलीकडे जाते. पो नदीच्या खोऱ्यात, व्हर्चेल्ली आणि नोव्हारा या परिसरांतील भातखाचरांत उन्हाळ्याच्या आरंभी तण उपटण्यासाठी हजारो स्त्रिया परप्रांतांतून येत. अनवाणी, गुडघाभर पाण्यात, पाठ वाकवून दिवसभर काम करीत. मोन्दीने म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रियांनी १९०६ साली व्हर्चेल्लीकडे आठ तासांच्या दिवसाची मागणी पदरात पाडून घेतली, आणि १९४९ साली ज्युझेप्पे दे सान्तिस याने ‘रिझो आमारो’ या चित्रपटात त्यांचे जीवन जगापुढे मांडले. ज्याने मावळात आषाढातली भाताची लावणी पाहिली आहे, त्याला त्या चित्रपटातील वाकलेल्या पाठी ओळखण्यास भाषेची अडचण पडू नये. पुढे तणनाशके व यंत्रे आली आणि तो व्यवसाय लोप पावला.

देयक आले ते भारी होते, आणि एका ताटलीभर भातास एवढे दाम कशाला, असा प्रश्न अशा वेळी सुज्ञ माणसेही विचारतात. मी ते दाम मोकळ्या मनाने मोजले. त्यात जागेचे भाडे आहे, दूरदेशीच्या चीजचा व तांदळाचा खर्च आहे, हे खरे. परंतु त्यातच वीस मिनिटे जागचा न हललेल्या त्या तरुणाचे वेतनही आहे, आणि त्या वेतनावर त्याचा हक्क आहे हे तेथे प्रत्येकास मान्य आहे. घरातील उभे राहण्यास वेतन नसते, सुट्टी नसते, आणि मध्ये काच नसून भिंत असल्यामुळे ते दिसतही नाही.

परतताना गाडीत मी सुचविले, की यापुढे रविवारी तव्यापाशी मी आणि मुलांनी आळीपाळीने उभे राहावे आणि आईने व पत्नीने पहिल्या पंगतीस बसावे. पत्नी त्याच क्षणी हो म्हणाली. आईने मात्र आधी कणीक भिजविणे शिकावे लागेल असे बजावले. कणीक निदान अर्धा तास तरी मुरली पाहिजे, तेव्हा जेवण आठाला हवे असेल तर सातालाच ओट्यापाशी हजर व्हा, आणि चाळणीतला कोंडा टाकू नका.