महाकालाच्या गावी पद्मिनीचा धूर

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचली आणि आमच्या घरात सगळ्यांना एकदम आमची पद्मिनी आठवली, आणि तिच्या पाठोपाठ उज्जैन. खरं म्हणजे उज्जैन म्हटलं की माणसाला महाकाल आठवावा, क्षिप्रेचा रामघाट आठवावा. आमच्या घरात मात्र उज्जैन म्हटलं की अजून पेट्रोलचा वास येतो!

गोष्ट २००३ च्या नाताळच्या सुट्टीतली. मी, सौ., दोन मुलं आणि माझ्या सासूबाई असे आम्ही बेळगावहून निघालो. सासूबाई धारवाडच्या. त्यांना मुलांसकट सगळे अव्वाच म्हणायचो. ज्योतिर्लिंगांपैकी महाकाल तेवढा राहिला होता, आणि दम्याच्या माणसाला रेल्वेच्या गर्दीतून न्यायला माझं मन घेत नव्हतं. गाडी १९८६ ची, वडिलांनी घेतलेली. चाकाच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग सीट. तिच्यात बसून जायचं म्हटल्यावर अव्वा खूश.

पण गाडीचं दुखणं जुनं होतं. तेरा-चौदाचं अ‍ॅव्हरेज वर्षभरात नऊवर आलं होतं. आमच्याकडच्या एका गॅरेजात तीन वेळा ट्यूनिंग करून घेतलं. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. त्यात भर म्हणून धुळ्याच्या मुक्कामी मीच शहाणपणा केला. कार्बोरेटरचा जेट काढून सेफ्टी पिनेनं टोकरून साफ केला. कचरा अडकला असेल अशी माझी समजूत!

सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट चढताना मागचा ट्रकवाला सारखा दिवे मारायला लागला. अव्वांनी काचेतून मागे पाहिलं आणि म्हणाल्या, "होगी बराकत्तैती नोड्री!" पाहतो तो मागे काळाकुट्ट धूर. शिवाय गाडीत पेट्रोलचा वास. डिसेंबरच्या गारठ्यात चारी काचा खाली करून आम्ही इंदूर गाठलं. तिथे चहाच्या टपरीवर एका सद्‌गृहस्थांनी निदान केलं, माळव्याच्या उंचीचा परिणाम. उंचावर हवा विरळ होते, तेवढ्याच पेट्रोलला ती कमी पडते आणि गाडी रिच चालते, हे शास्त्र बरोबर आहे. पण बेळगाव साडेसातशे मीटरवर आणि उज्जैन पाचशेच्या आसपास! इथे तर आमची गाडी उलट सुधारायला हवी होती.

उज्जैनला उतरलो ते ओळखीतल्या एका मराठी घरी. तिथल्या आजींची मराठी अशी गोड, की अर्धी आपली, अर्धी माळव्याची. त्यांनीच पहाटेच्या भस्मारतीची आठवण केली. तीन वाजता उठून थंड गाडीचा चोक पूर्ण ओढला तेव्हा कुठे ती सुरू झाली. आरती झाली, अव्वांचे डोळे भरून आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात हे देऊळ पुन्हा उभं केलं, हे आजींनी सांगितलं. मग चांदीच्या दारांचं गोपाळ मंदिर पाहिलं. ते बांधलं बैजाबाई शिंद्यांनी, म्हणजे आपल्या कागलच्या घाटग्यांच्या लेकीनं. अव्वांना हे फारच आवडलं. "नम्म कडेयवरु," त्या मुलांना म्हणाल्या.

परत आलो तर गाडीच्या नळकांड्यातून काजळीचे ठिपके जमिनीवर पडलेले, आणि अव्वांना धाप लागलेली. सौ. हळूच म्हणाली, "गाडी इथंच कुणाला तरी देऊन टाकू, आपण रेल्वेनं जाऊ." अव्वांना ऐकू गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या गाडीकडे बघत राहिल्या. वडिलांची गाडी परमुलखात टाकून जायचं माझ्याही जिवावर आलं होतं, पण त्यांचा दमा त्याहून मोठा होता. "दुपारपर्यंत बघू," एवढंच मी बोललो.

आजींच्या नातवानं देवास गेटच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. मला वाटलं, हाही स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरलाच भिडणार. त्यानं आधी विडी विझवली, आजूबाजूच्यांनाही विझवायला लावली, आणि ऑइलची कांडी काढून नाकाशी धरली. मग ती माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास! न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं, ऑइल पातळ करतं, आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. "ऐसे ही बेलगाम ले जाओगे तो इंजन बैठ जाएगा," तो शांतपणे म्हणाला. माझ्या पोटात खड्डा पडला. धूर आणि खर्च एवढंच मी धरून चाललो होतो.

मग चारी प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. चारी सारखे, कोरड्या मखमली काजळीनं काळे. एकच काळा असता तर त्या सिलिंडरचं दुखणं, चारी काळे म्हणजे दोष सगळ्यांच्या आधीचा. तरी त्यानं आधी पॉइंट पाहिले, कारण ठिणगी कमजोर असली तरी पेट्रोल अर्धंच जळतं. ते ठीक होते. एअर क्लीनर काढून गाडी चालू करून पाहिली. धूर तोच, म्हणजे फिल्टर निर्दोष.

पहिला चोर सापडला चोकच्या तारेत. मी पहाटे ओढलेला चोक डॅशबोर्डवर आत गेलेला दिसत होता, पण कार्बोरेटरवरचा त्याचा दांडा पूर्ण माघारी आला नव्हता. जादा पेट्रोलची वाट तासन्‌तास उघडीच! तार सैल करून, तेल देऊन बसवली. धूर निम्मा झाला. मी खिशात हात घातला. उस्ताद म्हणाला, "रुको. ये तो आज सुबह का है. बीमारी तो साल भर की है ना?"

इतकी साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती, आणि तीन ट्यूनिंग करणाऱ्यालाही नाही.

इंजिन स्लोवर ठेवून त्यानं कार्बोरेटरच्या घशात बॅटरी मारली. स्लोवर असताना मुख्य नळी कोरडी हवी. आमची थेंब थेंब गळत होती. इंजिन बंद केलं तरी दोन थेंब पडलेच. म्हणजे फ्लोटच्या वाटीत पेट्रोलची पातळीच जास्त. झाकण खोललं. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असेल तर डुचमळतं. आवाज नव्हता. तरी शेजारच्या टपरीवरून गरम पाणी आणून त्यात बुडवून पाहिला. बुडबुडे नाहीत, म्हणजे छिद्र नाही. मग निडल व्हॉल्व्ह उलटा धरून तोंडानं फुंकला. पिन बसलेली असूनही हवा निघून गेली. त्या पिनेच्या टोकाला नखाला जाणवेल एवढी गोल चीर पडली होती. पेट्रोल बंद करायचं जिनं, तीच झिजलेली! वर तिच्याखाली कुणीतरी फार पातळ वॉशर घातलेला. वॉशर पातळ म्हणजे व्हॉल्व्ह वर सरकतो, फ्लोट उशिरा दाबतो आणि पातळी चढते.

पिन त्याच्या डब्यात होती. योग्य जाडीचा वॉशर आणायला पोरगा फ्रीगंजला गेला. तासभर मोकळा होता, म्हणून मी मुलांना घेऊन वेधशाळेत गेलो. राजा जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पडझडीला आली होती. ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त झाली, आणि तिचं काम पुढे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी पाहिलं. सम्राट यंत्रावरची सावली वाचली तर ती माझ्या घड्याळापेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटं मागे. थोरला म्हणाला, "बाबा, हे बिघडलंय." बिघडलेलं नव्हतं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि उज्जैन पाऊणशेच्या जरा पुढे, दर अंशाला चार मिनिटं. पोरानं लगेच घड्याळाचे काटे फिरवायला घेतले. मी त्याचा हात धरला आणि मला गॅरेजवाला आठवून हसू आलं.

परतलो तर उस्ताद माझा जेट भिंगाखाली धरून बसला होता. "इसमें सुई किसने डाली?" मी मान खाली घातली. पितळ मऊ असतं. या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. तिथं सेफ्टी पीन म्हणजे बोअरवेलच! जेट फुंकून साफ करायचा, टोकरायचा नाही. तंबाखूच्या डबीतून त्यानं त्याच आकड्याचा दुसरा जेट काढून बसवला.

आता ट्यूनिंग. इंजिन चांगलं गरम झाल्यावर त्यानं मिक्श्चरचा स्क्रू तपासला. तो पार आत आवळलेला निघाला. आत म्हणजे पेट्रोल कमी. गंमत अशी की हा स्क्रू फक्त स्लोपुरता असतो. गाडी पळायला लागली की पेट्रोल मुख्य जेटमधून येतं. दर ट्यूनिंगला तो थोडा आवळून गॅरेजच्या दारातला धूर तेवढा कमी केलेला, रस्त्यावरचा तसाच. उस्तादनं तो हलकेच टेकवून दीड फेरा बाहेर घेतला, मग कान लावून पाव पाव फेरा आत-बाहेर. इंजिन एका जागी उचल खाऊन गुळगुळीत झालं, तिथं हात काढला. रेस वाढली ती दुसऱ्या स्क्रूनं उतरवली. ऑइल बदललं. इंदूर रस्त्यावर दहा किलोमीटर पळवून पुन्हा प्लग काढला. भाजलेल्या बिस्किटाचा रंग! सामानासकट अडीचशे रुपये झाले, ऑइल वेगळं.

परतीला नाशिकात टाकी भरून हिशेब केला. तेरा पूर्णांक चार. पण मला त्याआधीच कळलं होतं. बिजासन उतरताना अव्वांनी आपल्या बाजूची काच वर घेतली, शाल ओढली आणि झोपून गेल्या. थेट कागलला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी डोळे पुसत विचारलं, "बैजाबाईंचं गाव हेच की?"