कुठला सोमवार?

'पागामोस एल लुनेस.' मेक्सिकोचा एक दुकानदार फोनवर एवढंच म्हणाला आणि ऐरोलीला रात्रपाळीत बिलांच्या वसुलीचं काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने नोंद केली, सोमवारी पैसे भरले. दुकानदाराला म्हणायचं होतं, येत्या सोमवारी भरतो.

स्पॅनिशमध्ये 'आर' आणि 'ईर' गटांतल्या नियमित क्रियापदांचं 'आम्ही'चं रूप वर्तमान आणि भूत या दोन्ही काळांत एकच. पागामोस, आब्लामोस, बिबिमोस. 'एर'वाले तेवढे सरळ: कोमेमोस खातो, कोमिमोस खाल्लं. शहाडला घरच्या घरी शिकवण्या घेताना यावर माझं ठरलेलं उत्तर असे: 'कोन्तेक्स्तो!' तेही खांदे उडवून, माद्रिदच्या उच्चारात. तो उच्चार हे माझं मोठं मिरवणं. वर्गात मराठी शब्द येऊ द्यायचा नाही आणि खिडकी मात्र उघडी ठेवायची, जिन्यावरच्यांना ऐकू जावं म्हणून.

पण फोनवर संदर्भ कुठून आणणार? लुनेस मागचाही असतो, पुढचाही.

तेव्हापासून हे रूप माझा पिच्छा सोडेना. लॅटिनमध्ये फरक होता: लाउदामुस म्हणजे स्तुती करतो, लाउदाविमुस म्हणजे स्तुती केली. बोलता बोलता मधलं 'वि' गळालं आणि दोन काळ एकावर एक येऊन बसले. लिस्बनकडच्या पोर्तुगीजांनी भूतकाळातला 'आ' मोकळा उच्चारून, वर चिन्ह देऊन भेद राखला. ब्राझीलने तो ठेवला नाही आणि 1990 च्या लेखनकराराने चिन्ह ऐच्छिक करून टाकलं. गोव्यात पोर्तुगीज शिकवणारी एक मैत्रीण लिस्बनच्या या भेदावरून मला फार हिणवते. खुद्द स्पेनच्या काही खेड्यांत भूतकाळाला 'आब्लेमोस' म्हणतात. ते 'बोलूया'शी जाऊन भिडतं आणि शिकलेली मंडळी नाकं मुरडतात, तरी मला त्या खेडुतांचं डोकं जास्त ठिकाणावर वाटतं.

'महिन्यात स्पॅनिश'वाल्यांची तोड म्हणजे 'एमोस पागादो', म्हणजे 'भरले आहेत', वापरा. स्पेनमध्ये ठीक. मेक्सिकोचा माणूस परवाच्या व्यवहाराला तसं म्हणतच नाही. शिवाय आपण काय बोलावं हा प्रश्नच नव्हता, तो काय बोलला हा होता.

एके दिवशी त्या विद्यार्थ्यानेच विचारलं, "मॅडम, 'पाऊस थांबेना' म्हणजे आत्ता की तेव्हा?"

वर्गात मराठी! रागवायचं राहूनच गेलं. 'थांबेना' दोन्हीकडे चालतं. 'देव तारी त्याला कोण मारी'मधलं 'तारी' ज्ञानेश्वरीच्या काळचं, वर्तमानातलं. तसंच रूप घेऊन आज 'तो रोज बिर्ला मंदिरात जाई' असं लिहिलं की झाला भूतकाळ. स्पॅनिशची दोन रूपं एकमेकांत मिसळली. आपलं एकच रूप हळूहळू भूतकाळात गेलं आणि म्हणींतून मागे राहिलं. आता वर्गात मराठी चालते. खिडकी बंद करवत नाही, ते वेगळं.

त्याला उलटा प्रश्न घोकून दिला: 'या पागारोन?' भरले का? 'पागारोन'मुळे काळ पक्का होतो. पुढच्या आठवड्यात तो चिडूनच आला. गिऱ्हाईक म्हणालं होतं, 'आओरिता पागामोस.' मेक्सिकोतलं आओरिता म्हणजे आत्ता, मघाशी, थोड्या वेळाने, काहीही.

"मॅडम, हे काय आता?"

"अरे, अंघोळ व्हायच्या आधी तू फोनवर 'निघालोच' म्हणतोस ना, ते."

"मग नोंदीत काय लिहू?"

"भरले नाहीत, असं लिही."