खुंट्याला दुसरा हात

मराठीच्या अध्यापकांची चर्चासत्रे आता बहुधा एकाच साच्यात पार पडतात : बीजभाषण, निबंधवाचन, भोजन, समारोप आणि प्रमाणपत्रे. तरीही धरणगावच्या चर्चासत्राचे निमंत्रण मी तत्काळ स्वीकारले. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या अनुषंगाने अभिजात मराठी आणि बोली असा विषय ठेवला होता. परंतु मला ओढ होती ती एम. ए.च्या वर्गातील सोबत्यांच्या भेटीची.

आम्ही चौघे भेटलो. एकजण प्राचार्य झाला आहे. एकीच्या महाविद्यालयात विशेष मराठीला विद्यार्थी मिळेनासे झाले आहेत. चौथा आमच्यात सर्वांत व्युत्पन्न. तो आजही तासिका तत्त्वावर शिकवतो. मला पाहताच तो म्हणाला, “कितला दिनमा भेटना भो!” प्रवेशद्वारापाशी बोललेली ही अहिराणी सभागृहात शिरताच आम्ही दोघांनीही खिशात ठेवली.

दुपारच्या सत्राचे अध्यक्षस्थान माझ्याकडे होते. दहा निबंध आणि प्रत्येकी सात मिनिटे. मित्राचा क्रमांक नववा. आपल्या आईच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्यांविषयी तो बोलत होता. प्रास्ताविक संपवून मुख्य मुद्द्याशी येतो न येतो तोच मी घंटा वाजवली. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, उरलेली पाने घडी केली आणि आभार मानून तो खाली बसला. बोलींच्या समृद्धीवर समारोपाचे भाषण मी वेळेत पूर्ण केले.

संध्याकाळी आम्ही दोघे स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. मी म्हणालो, “राहिलेलं वाच.” त्याने पाने काढली नाहीत, सांगू लागला. आईच्या ओव्या त्याने दहा वर्षांच्या अंतराने दोनदा ध्वनिमुद्रित केल्या होत्या. दुसऱ्या वेळी बऱ्याच ओव्या गळल्या. वार्धक्याचे विस्मरण असे त्याने प्रथम गृहीत धरले. पण गळलेल्या ओव्या पाहिल्या, तेव्हा त्या सर्व प्रश्नाच्या होत्या. जात्याच्या एका बाजूने आई विचारी, दुसऱ्या बाजूने त्याची काकू उत्तर देई. मधल्या काळात काकू वारली होती. आई एवढेच म्हणाली, की विचारायचे कुणाला?

आपण ‘लोकसाहित्याचा ऱ्हास’ असे लिहितो, तेव्हा यंत्राची चक्की, शिक्षण, नागरीकरण ही कारणे देतो. ती खोटी नाहीत. परंतु स्मरणात शाबूत असलेली रचनाही खुंट्याला दुसरा हात नसल्यामुळे मूक होऊ शकते, हे निरीक्षण मी कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. आणि तेच ऐकण्याआधी मी घंटा वाजवली होती.

तेव्हा मला याच गावात १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची आठवण झाली. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर हे पेशाने वैद्य, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. त्या ज्येष्ठांच्या सभेत या कोवळ्या मुलाला काव्यवाचनाची संधी मिळाली, आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला कीर्तिकरांनी दिले. आज त्या संमेलनाचे स्मरण होते ते मुख्यतः एका मुलाचे ऐकून घेतले गेले म्हणून.

गाडी आली. मित्राला मी निबंध पूर्ण लिहून पाठवण्यास सांगितले. “कोणासाठी?” त्याने विचारले. हा प्रश्न त्याच्या आईचाच होता. “मी प्रश्न लिहून पाठवीन, तू उत्तरं दे,” मी म्हणालो.

पहिले पत्र मी त्याच रात्री लिहिले. त्यात चार प्रश्न आहेत आणि क्षमायाचनेचे एक वाक्य.