घरातला जागल्या

तूर-हरभऱ्याच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी रात्री जागलीला जातो. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून तो मचाणावर बसून असतो. गावातलं त्याचं घर मात्र राखणीवाचून झोपलेलं असतं. त्या घरालाही एक जागल्या हवा.

हा जागल्या म्हणजे धूर ओळखून ओरडणारं यंत्र, स्मोक अलार्म. तळहाताएवढा, गोल, पांढरा. अंगावर बारीक हिरवा दिवा. पोटात अंधारी कोठडी, तिच्यातून प्रकाशाची तिरीप सतत जात असते. धुराचे कण आत शिरले की ती तिरीप विखुरते, बाजूच्या डोळ्याला दिसते आणि तो ८५ डेसिबलची बोंब ठोकतो. झोपेत धुराच्या वासाने माणूस जागा होईलच असं नाही, या आवाजाने मात्र बहुधा होतो. बॅटरीवर जगत असल्याने वीज गेली तरी त्याची नोकरी चालू राहते.

त्याचं घराणं मोठं चमत्कारिक. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र करत होता. वायू काही सापडेना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने यंत्राचा काटा हलला.

स्वभाव जरा चिडका. फोडणीचा ठसका आणि आंघोळीची वाफ त्याला सोसत नाही, म्हणून त्याची जागा झोपायच्या खोलीत, छताला. बॅटरी उतरली की थांबून थांबून चिवचिवतो. कंटाळून बॅटरीच काढून टाकली, तर तो तिथेच मेला. एरवी त्याचं आयुष्य दहा वर्षांचं.

आपल्याकडे त्याची खरी गरज कापसाच्या खोलीत आहे. खामगाव-नांदुऱ्याकडे भाव चढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवतात. त्याच कापसाला खेटून मुलं झोपतात. गंजीत ठिणगी शिरली तर कापूस ज्वाळेशिवाय तासन्‌तास आतल्या आत धुमसतो. असा धुमसता धूर ओळखण्यात हा जागल्या तरबेज आहे. धूर आगीच्या आधी मारतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा तान्ही बाळं गेली, त्यातली सात गुदमरून.

त्याचा धाकटा भाऊ याहून मोलाचा. तो कार्बन मोनॉक्साइडवर पाळत ठेवतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. घरातले म्हणतात, पित्त झालं असेल. भावाच्या पोटातल्या रासायनिक घटात हा वायू शिरला की वीज वाहू लागते. दहा लाख भाग हवेत ४०० भाग वायू साचला, तर चार ते पंधरा मिनिटांत त्याने ओरडलंच पाहिजे, असा अमेरिकी मानकाचा दंडक आहे. हा वायू हवेत सगळीकडे मिसळतो, म्हणून भाऊ उशाजवळच्या भिंतीवरही चालतो. सिलिंडरची गळती ओळखणं दोघांच्याही कामात बसत नाही. गॅस जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि त्याची राखण करणारं यंत्र वेगळं असतं.

या भावाला मी आधी बाळंतिणीच्या खोलीत बसवीन. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर, तिथली थंडी बोचरी. बाळाला वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात आणि खाटेशी निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. जुन्या धाब्याच्या घराला निदान धुराडं होतं. नव्या स्लॅबच्या खोलीत हवा कोंडते. निखारे धूर देत नाहीत म्हणून आजी निर्धास्त असते, पण तो वायू त्या बिनधुराच्या निखाऱ्यांतूनच निघतो. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद, म्हणून विषही लवकर भिनतं. आजीची माया खरी आहे, तिला दोष देऊ नका. तिला हे समजावून सांगा.

लेक माहेरी येणार असेल, तर बाळंतविड्याच्या यादीत कुंची-झबल्याखाली कार्बन मोनॉक्साइडचं हे यंत्रही लिहा. ते येईपर्यंत शेकताना खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवा. आज रात्रीपासूनच.