एका अक्षराची चूक

वह्या तपासताना मी काना-मात्रेची चूकही सोडीत नाही. सडक अर्जुनीच्या मुलांना माझी तांबडी शाई चांगलीच परिचयाची आहे. पण एका अक्षराची खरी किंमत मला शिकवली ती सहावीतल्या एका मुलीने.

ती वारंवार गैरहजर राही. धानकापणीच्या दिवसांत आमच्याकडे याचे कुणाला नवल वाटत नाही. म्हणून मी तिला भर वर्गात ‘कामचुकार’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात उभी. “पोरगी लबाड नाही जी, गुरुजी. रातभर हाडं दुखते म्हणून रडते.” पुढे तिचे रक्त तपासले. सिकलसेल निघाला.

हा आजार आमच्या मुलखाला नवा नाही. मध्य भारतातील या रक्तदोषाची नोंद १९५८ सालीच शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. मला मात्र त्याचे नावच तेवढे ठाऊक होते. विज्ञान मी शिकलो ते मॅट्रिकपुरतेच. तरी त्या अपराधी मनाने पुस्तके धुंडाळली.

रक्तातले हिमोग्लोबिन कसे घडवायचे, हे पेशीला आरएनए नावाची एक चिठ्ठी सांगते. तिची अक्षरे चार, आणि तीन अक्षरांचा एक शब्द. एकेका शब्दासरशी एकेक अमिनो आम्ल मण्यासारखे ओवले जाते. या मुलीच्या चिठ्ठीत ‘जीएजी’च्या जागी ‘जीयूजी’ आले होते. ग्लुटामिक आम्लाचा मणी जाऊन व्हॅलिनचा आला. एवढ्यानेच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडे ठणकू लागतात.

या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्यांत होते हरगोविंद खुराना. मुलतान जिल्ह्यातले शंभरेक वस्तीचे रायपूर हे त्यांचे गाव. ते आज पाकिस्तानात आहे. वडील पटवारी, म्हणजे आपले तलाठी. गावात लिहिता-वाचता येणारे घर जवळजवळ तेवढे एकच. मुलगा पुढे लिव्हरपूलला डॉक्टरेट झाला, १९४९ साली मायदेशी परतला, तर नोकरी मिळेना! पुन्हा परदेश गाठावा लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिनला त्यांनी एकाआड एक अक्षरांच्या लांब माळा रचल्या. ‘एजी-एजी’च्या माळेतून ग्लुटामिक आम्ल निघाले, ‘यूजी-यूजी’च्या माळेतून व्हॅलिन. माझ्या विद्यार्थिनीच्या दुखण्यातले हे दोन्ही शब्द त्या माळांतलेच! १९६८ साली निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आरएनएलाच वाटाड्या करून जनुकात नेमका बदल घडवणारा उपचार निघाला आहे. २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. तो फार महागडा. आमच्या खेड्यापासून अजून फार दूर. पण वेदना कमी करणारी गोळी आहे, आणि लग्नाआधी रक्त तपासून घेण्याचे शहाणपण आहे. आई-बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

वर्गासमोर केलेली चूक मी वर्गासमोरच कबूल केली. ती खाली मान घालून हसली.

भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. “जाशील ना ग?” मी परवा तिला विचारले.

“जाईन जी, गुरुजी. पाण्याची बाटली अन् स्वेटर घेऊन.”