सामत्याची दोरी

त्र्यंबकला पाऊस लागला की लाकूड फुगतं. आमच्या जुन्या घराचं मागचं दार आषाढात चौकटीला धरतं ते दसऱ्यालाच सोडतं. यंदा बिजागऱ्या बदलायच्या म्हणून माळ्यावरचा ड्रिल काढला. कधीकाळी हौसेनं घेतलेला, बिनवायरचा, 12 व्होल्टचा. रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळी त्यानं एक सुस्कारा सोडला आणि मान टाकली.

बॅटरीत निकेल-कॅडमियमचे दहा सेल होते, प्रत्येकी 1.2 व्होल्टचे, माळेसारखे ओवलेले. पडून पडून मेलेले. तशी बॅटरी आता मिळेना. मोटर मात्र ठणठणीत. आणि हातभर अंतरावर, भिंतीतल्या प्लगमध्ये, 230 व्होल्ट. धरण उशाला, कोरड घशाला!

ही म्हण आमच्या तालुक्यात कुणाला उलगडून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात ब्रह्मगिरीवरून धो धो वाहणारं पाणी चैत्र-वैशाखात दिसेनासं होतं, आणि पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. बॅटरी म्हणजे तो हंडाच. डोक्यावर घेऊन कुठंही जा, पण मोजून वापरा.

कॅमेरे बसवणाऱ्या ओळखीच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "काका, थेट प्लगात घालाल तर धूर निघेल. मध्ये पॉवर सप्लाय लागतो." त्यानं आणलेला जाळीचा पत्र्याचा डबा 230 व्होल्टची उलटसुलट धावणारी वीज घेतो आणि 12 व्होल्टची एकाच दिशेची देतो. आधी मी घरातला छोटा 5 अँपिअरचा अडॅप्टर लावून पाहिला होता. ड्रिल रिकामा फिरायचा, पण लाकडाला टेकवला की थांबायचा. मोटर अडली की एकदम मोठा घास मागते, आणि तो घास त्या अडॅप्टरच्या ऐपतीबाहेरचा. नवा डबा 30 अँपिअरचा.

त्यातही एक मेख होती. 300 वॅटचं काम 230 व्होल्टवर सव्वा अँपिअरच्या आसपास होतं. तेच 12 व्होल्टवर करायला 25 अँपिअर लागतात. मी हौसेनं पाच मीटर साधी वायर जोडली, तर बारातले तीनएक व्होल्ट वाटेतच जिरले. पोरानं हसत डबा ड्रिलजवळ आणला, लांब वायर 230 च्या बाजूला ठेवली, आणि 12 च्या बाजूला हातभर जाड वायर, मध्ये फ्यूज. मेलेले सेल काढून बॅटरीच्या रिकाम्या खोक्यातूनच ती वायर आत नेली, प्लस-मायनस दोनदा तपासून. कॅडमियम विषारी असतं. गोदावरीच्या उगमाशी राहून ते उकिरड्यावर कसं टाकायचं? सेल ई-कचऱ्यासाठी बाजूला बांधून ठेवले.

ड्रिल घुमला. दार मोकळं झालं. पण बिनवायरचा म्हणून मिरवलेल्या त्या यंत्राच्या बुडातून लोंबणारी वायर पाहून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी कुशावर्तावर गेलो. गोदावरी इथं ठरेना, प्रकटायची आणि गुप्त व्हायची, तेव्हा गौतम ऋषींनी तिला कुशाच्या गवतानं अडवलं अशी कथा आहे. गवताची ती आडकाठी म्हणून या कुंडाला कुशावर्त म्हणतात. नंतर 1465 किलोमीटर वाहत सागराला जाणारी नदी, आणि तिचा पहिला मुक्काम गवताच्या काडीपाशी! बांधली म्हणून ती उणी झाली, असं कुणी म्हणत नाही.

परतताना वाटेवरच्या सुताराला ड्रिलची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. आत जाऊन आजोबांचा सामता घेऊन आला. लाकडाचा दांडा, टोकाला लोखंडी अणी, दांड्याला वेढा घातलेली दोरी आणि ती ओढायची कमान. कमान पुढं-मागं केली की दोरीच्या ओढीनं अणी फिरते आणि लाकडात उतरते. अमेरिकेत 1961 साली बिनवायरचा ड्रिल निघाला, त्याच्या कितीतरी आधीपासून सुताराचं भोक पाडायचं हत्यार दोरीवरच चालत आलंय.

रात्री वीज गेली. पाऊस कौलांवर कोसळत होता. एक बिजागरी राहिलीच होती. सुतारानं सामता माझ्याकडे राहू दिला होता. कंदिलाच्या उजेडात दोरीला वेढा घातला आणि कमान ओढली.